भिंतीवरचे चेहरे

आपल्याकडे सिनेमाची जाहिरात आधी चित्राने नव्हे, आकड्यांनी झाली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांना सरावलेला प्रेक्षक एवढ्याशा खेळाला पैसे का मोजील? मग फाळक्यांनी जाहिरातीत त्याला हिशेबच दिला : ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर अवघा तीन आणे!

पण हिशेब वाचायला अक्षर यावे लागते. ज्याला ते येत नव्हते त्याला थिएटरकडे वळवले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. मूळचे ते नाटकांचे पडदे रंगवणारे. आज उपलब्ध असलेल्या सचित्र पोस्टरांत त्यांच्या 'कल्याण खजिना'चे, १९२४ सालचे पोस्टर सर्वांत जुने मानतात. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत शेख फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, घडले. पुढे विष्णुपंत दामल्यांबरोबर त्यांनी 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला. तुकोबांना पडद्यावर आणणाऱ्या या दोघांतले एक शेख होते, हे हल्ली मुद्दाम सांगावे लागते.

माझा धंदा शब्दांचा, त्यामुळे पोस्टर पाहताना नजर आधी अक्षरांवर जाते. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी पोस्टरांवर पुष्कळदा एकच नाव तीन लिप्यांत असे : रोमन, नागरी आणि उर्दू. सिनेमा एक, वाचणारे तीन तऱ्हांचे, आणि दाराबाहेर कुणालाच ठेवायचे नाही. धंद्याची ही सोय मला फार मोठी वाटते. पुढे उर्दूची ओळ कोपऱ्यात सरकत गेली आणि बहुतेक पोस्टरांवरून नाहीशीच झाली.

अर्थात तिन्ही लिप्या न येणारेही होतेच. त्यांच्यासाठी रंग बोलत. खलनायकाच्या चेहऱ्यावर हिरवी-निळी झाक, संतापलेल्या नायकाच्या गालांवर लाल फटकारे. 'मदर इंडिया'च्या (१९५७) पोस्टरवर खांद्यावर नांगराचा भार घेतलेली नर्गिस पाहिली की कथा विचारावी लागत नसे. आमच्या गावात शुक्रवारी सायकलला खळीचा डबा अडकवून पोस्टरवाला येई. कालच्या नायिकेवर तो आजची नायिका चिकटवी. पावसाने कागद सुटला की दोघींचे मिळून एक तिसरेच तोंड दिसे!

मोठ्या बॅनरची तऱ्हा निराळी. हाताएवढ्या फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट रंगवत जायचे. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे थर. रस्त्यापलीकडून मात्र मधुबाला. मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत हेच काम करत. मराठा मंदिरला १९६० साली 'मुघल-ए-आझम' लागला, तेव्हा त्याची चित्रे रंगवली कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी. सरकारी कचेऱ्यांतून शिवाजी महाराजांचे जे अधिकृत चित्र दिसते, तेही याच कांबळ्यांचे. सलीम-अनारकली आणि छत्रपती एकाच कुंचल्यातून उतरले आहेत.

कांबळ्यांचे नाव निदान राहिले. बाकीच्या कितीतरी जणांनी कोपऱ्यात सहीसुद्धा केली नाही. त्यांची बॅनरही सापडत नाहीत. खेळ उतरला की कापड खाली घेत, त्यावर पांढरा हात मारत आणि त्याच कापडावर पुढच्या सिनेमाच्या चौकटी आखायला घेत.