राजाश्रय सरल्यानंतर : बडोद्याच्या चित्रकारांचे परस्परसाहाय्य

कलावंतांच्या औदार्याचा विषय निघाला की मराठी वाचकास पहिल्याने आठवतो तो ८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे हे दोन अध्वर्यू, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. गोष्ट खरोखर मोठीच होती. परंतु ते दान देशकार्यास होते. अडचणीत असलेल्या सहकलावंतास कलावंतांनीच कसे सावरले, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर आम्हांस आमच्या बडोद्यातील एका चित्रशाळेकडे वळावेसे वाटते.

बडोद्यात कलावंताचा भार दीर्घकाळ संस्थानाने वाहिला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापिले. तेथे शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर शांतिनिकेतनाचे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चित्रे रंगविली. दरबारच्या पदरी उस्ताद फैयाज खाँ होते. पुढे १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ५ नोव्हेंबर १९५० रोजी खाँसाहेब येथेच निवर्तले. आणि त्याच १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला. वर्षांचा हा मेळ केवळ योगायोगाचा आहे हे आम्ही जाणतो. तरीही एक पान उलटले गेले, ही गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते. राजाश्रयाच्या आठवणी आपल्याकडे फार गोड करून सांगतात. त्या आश्रयाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण एका पुरुषाच्या मर्जीवर उभा असलेला आधार त्या पुरुषामागे टिकेलच असे नसते, हेही सांगितले पाहिजे.

नव्या विभागात चित्रकलेचे प्रमुखपद नारायण श्रीधर बेंद्रे यांजकडे आले. बेंद्रे मूळ इंदूरचे, आणि तोपर्यंत देशभर नाव झालेले चित्रकार. शिल्पकलेकडे शंखो चौधरी होते. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन आले. सुब्रमण्यन यांस १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास घडला होता आणि त्यापायी सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाल्यावर ते शांतिनिकेतनास जाऊन चित्रकार झाले होते. विद्यार्थी सौराष्ट्रापासून काश्मीरपर्यंतचे. चित्रे विकत घेणारा वर्ग त्या काळी किती तोकडा होता, हे वेगळे सांगावयास नको.

१९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ हा समूह उभा राहिला. त्यात बेंद्रे आणि सुब्रमण्यन यांच्यासह ज्योती भट्ट, शांती दवे, रतन परिमू, गुलाम रसूल संतोष असे विद्यार्थिदशेतील वा नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण होते. एकट्या तरुणाने प्रदर्शन भरवावयाचे म्हणजे दालनाचे भाडे, चौकटी, आगगाडीने चित्रे नेण्याआणण्याचा खर्च, आणि एवढे करून फिरकणार कोण? ज्याच्या नावावर गर्दी जमेल अशा गुरूने आपले चित्र शिष्याच्या चित्राशेजारी टांगू दिले, तर त्या नावाची सावली दोघांवर पडते. पैशाच्या मदतीहून ही मदत आम्हांस मोलाची वाटते, कारण हिच्यात देणाऱ्याची प्रतिष्ठाच पणास लागलेली असते. आम्हां शिक्षकांपैकी किती जण शिष्याशी अशी तुलना खुशीने ओढवून घेतील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

परंतु खरी नवलाची गोष्ट १९६१ मध्ये घडली. त्या साली ललित कला विभागाने आपला पहिला मेळा भरविला. गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी जमवावा, हा त्यामागील मुख्य हेतू. सुब्रमण्यन मुंबईस हातमाग मंडळातील काम आटोपून त्याच वर्षी परत आले होते. गुरू आणि शिष्य यांनी मिळून खेळणी, मुखवटे, मातीची भांडी, दागिने अशा वस्तू घडविल्या व शहरातील लोकांस बेताच्या किमतीत विकल्या. सुब्रमण्यन यांनी या मेळ्यांसाठी केलेली लाकडी खेळणी पुढे त्यांच्या कलेचा एक स्वतंत्र भाग मानली गेली. म्हणजे परोपकारासाठी घेतलेल्या कामाने कलावंतासही काही दिलेच.

येथे आपल्या रंगभूमीवरील एका जुन्या चालीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. नट आजारी पडला वा कुटुंब उघडे पडले, की त्याच्या मदतीसाठी ‘बेनिफिट’चा खेळ लावावयाचा. चाल उदात्त खरी. पण ज्याच्यासाठी खेळ, त्याचे नाव जाहिरातीत छापलेले असे, आणि त्याचे दैन्य तिकिटाबरोबर गावभर जाई. बडोद्याच्या मेळ्याची रीत अशी की ज्यास साहाय्य मिळावयाचे, तोही इतरांप्रमाणे माती मळीत व मुखवटे रंगवीत असावयाचा. गिऱ्हाइकास त्याची ओळख पटण्याचे कारणच नव्हते. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची काळजी नियमाने नव्हे तर कामाच्या मांडणीनेच घेतली गेली. कारागिरीवर कलावंतांनी एकत्र उभे राहावे, हा विचार नंदलालांनी शांतिनिकेतनात १९३० च्या सुमारास ‘कारु संघ’ काढून मांडला होता. शंखो आणि सुब्रमण्यन दोघेही त्याच वातावरणात वाढलेले. तेव्हा कीर्तिमंदिराच्या भिंतींखेरीज नंदलालांचे आणखी काही बडोद्यास पोहोचले असे म्हणावयास हरकत नाही. मेळे पुढेही भरत राहिले. मध्यंतरी खंडही पडले.

मेळा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, मुंबईचे एक हिशेबतपासनीस येथे कलासमीक्षा शिकावयास आले. ते भूपेन खक्खर. त्यांस बडोद्यास येण्याचा आग्रह गुलाम मोहम्मद शेख यांनी केला होता. खक्खर चित्रकार म्हणून नावारूपास आले तरी पुष्कळ वर्षे अर्धवेळ हिशेबाचे काम करून पोट भरीत राहिले. या दोघा मित्रांनी १९६९ मध्ये ‘वृश्चिक’ नावाचे छोटे नियतकालिक काढले. त्यासाठी मित्रमंडळींनी लिनोवर कोरलेले ठसे दिले. अरुण कोलटकरांनी केलेली मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरेही त्यात आली. ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध कलावंतांची एकजूट करण्याचे कामही याच पानांतून झाले. १९७३ मध्ये ते बंद पडले. अशा नियतकालिकाच्या जमाखर्चात शिल्लक कधी राहत नसते, हे आमच्या वाचकांस अनुभवाने ठाऊक आहेच. ‘वृश्चिक’च्या दोन संपादकांपैकी एक तर स्वतःच हिशेबनीस होता.