भोपळा, पेटी, मोबाइल: तंबोऱ्याच्या सुराची कुळकथा

पुण्यात गाणं शिकणाऱ्या पुष्कळ मुलांचा रियाज आज मोबाइलवरच्या तंबोऱ्यानं सुरू होतो. मोबाइलच्या आधी तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी होती आणि पेटीच्या आधी मिरजेचा तंबोरा. खरा सिंथेसायझर घ्यावा की संगणकातलं प्लग-इन वापरावं, हा वाद जगभरचे संगीतकार घालतात. आपल्याकडे तोच वाद तंबोऱ्याच्या निमित्तानं घराघरांत पोहोचला आहे. आवाज कुणाचा गोड, एवढ्यापुरता तो राहिला तर मुद्दा हातून निसटतो. या वाद्याची कुळकथा पाहिली की खरा प्रश्न कळतो: सूर लावण्याचं काम कुणी करायचं?

तंबोरा आपण समजतो तितका प्राचीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात तो नाही. मोगल लघुचित्रांत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून गवयाजवळ तो दिसू लागतो. अखंड षड्जाच्या आधारानं राग उलगडण्याची आजची रीत त्यानंतरच्या शतकांत रुजली. महाराष्ट्रात या वाद्याचं घर म्हणजे मिरज. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचं काम शस्त्रांची मागणी घटल्यावर बसलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याकडे हात वळवला. पुढे ही घराणी सतारमेकर म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मंगळवेढा-पंढरपूर भागातला कडू भोपळा वाळवून, निवडून मिरजेत येतो. त्याला तुणाच्या लाकडाची दांडी जोडतात आणि भोपळ्यावरच्या तबलीवर हाडाची घोडी बसते.

तंबोऱ्याचा प्राण या घोडीत आहे. तिची पाठ सपाट नसते, तिला अगदी हलका उतार दिलेला असतो. कारागीर कानसानं ती घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. यालाच जवारी काढणं म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून तो केसभर मागेपुढे सरकवला की एका जागी आवाज एकदम उघडतो. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीचं नवल वाटलं. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वराबरोबर तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा, स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम युरोपातल्या अभ्यासकांनी मांडला होता. तंबोरा हा नियम पाळत नाही, हे रामन यांनी १९२१च्या सुमारास दाखवून दिलं. तार घोडीच्या उताराला सतत टेकत-सुटत राहते, म्हणून उपस्वरांची सगळी रांग ऐकू येते. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून कुणी न छेडलेला गंधार उमटतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

हा गंधार कळीचा आहे. तो तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो. हार्मोनियम, कीबोर्ड आणि बहुतेक प्लग-इन यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यांचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्यानं, चढा असतो. तयार कानाला हा फरक लगेच खुपतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वी खुपला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून त्यांनी १९१०मध्ये श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचा प्रयत्न केला. ती पेटी रुजली नाही. यंत्रानं तंबोऱ्याच्या कानानं वागावं, ही मागणी मात्र तेव्हापासूनची आहे.

पुण्यात या सुराला मोठा आसरा मिळाला. १८७४मध्ये पुणे गायन समाज निघाला. खाँसाहेबांनी १९१३मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते, जवारीवर त्यांचा हात बसलेला होता. विनायकराव पटवर्धनांनी १९३२मध्ये इथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, आणि भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३मध्ये सुरू केलेला महोत्सव. या साऱ्या परंपरेत मागे तंबोऱ्यावर बसणं हा शिक्षणाचाच भाग होता. शिष्य गुरूंच्या मागे तासन्‌तास बसे. पंचम उतरला की खुंटी पिळे, अगदी थोडी कसर असली की तारेत ओवलेला मणी सरकवे. गाण्याआधी कान तयार होत असे तो असा.

पण तंबोरा सांभाळणं सोपं नाही. तो नाजूक, लांबलचक, प्रवासाला गैरसोयीचा. हवा बदलली की तो उतरतो. एकट्यानं रियाज करताना गायचं की छेडायचं हा पेच असतो. वाडे जाऊन दोन खोल्यांचे फ्लॅट आले तेव्हा तो ठेवायचा कुठे, हाही प्रश्न झाला. भात्याची सुरपेटी होती, पण तिला जवारी नव्हती. या गरजेतून इलेक्ट्रॉनिक तंबोरा जन्माला आला. बंगळूरचे जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादक. त्यांनी १९७९मध्ये तो मद्रासच्या म्युझिक अकादमीत लोकांपुढे आणला आणि पुढे त्यांच्या रॅडेल कंपनीच्या पेट्या देशभर पसरल्या. पहिल्या पेट्यांत विद्युत मंडलं आवाज घडवत. नंतर खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज चिपवर साठवला जाऊ लागला.

या पेटीवर बटणं होती: पट्टी, बारीक सूर, पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची, लय, आवाज. म्हणजे खुंटी गेली तरी फिरवायला काहीतरी उरलं होतं. काळी चारच्या आसपास बटण आणून मग हार्मोनियमशी किंवा तबल्याशी कानानं मिळवावं लागे. सूर लावण्याचं थोडं काम अजून माणसाकडे होतं.

पाश्चात्त्य जगात हीच वाट सिंथेसायझरनं चालली. रॉबर्ट मूग यांचं यंत्र १९६४चं आणि सहज उचलून नेता येणारा मिनिमूग १९७०चा. ती यंत्रं तापली की त्यांचाही सूर हले आणि वादकाला तो पुन्हा लावावा लागे. १९८३मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९९६मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं व्हीएसटी हे प्लग-इनचं तंत्र आणलं आणि वाद्य संगणकाच्या पडद्यावर आलं. तंबोराही मग मोबाइलमध्ये शिरला. प्रसाद उपासनी यांच्या आयतानपुरासारख्या अ‍ॅपमुळे परदेशातल्या मराठी घरांनाही सूर चोवीस तास हाताशी मिळाला. हे मोठंच काम झालं, याबद्दल दुमत असू नये. ज्यांच्या घरी तंबोरा येण्याची शक्यता नव्हती, अशी मुलं यामुळे सुरात गाऊ लागली.

मात्र अ‍ॅपमध्ये पट्टी निवडली की सूर आयता लागतो. तो उतरत नाही, कलत नाही, तुमच्या कानाला काही विचारत नाही. खुंटीकडून बटणाकडे आणि बटणाकडून पडद्याकडे येताना सूर लावण्याचं काम आपल्या हातून पुरतं सुटलं. लावलेला सूर ऐकणारा कान आणि सूर लावू शकणारा कान यांत फरक आहे. रागातला कोमल ऋषभ किती उतरा लावायचा, हे पडदा सांगत नाही. सूर लावायला शिकलेला कानच ते सांगतो.

आणि अ‍ॅपमधला तो आवाज तरी कुठून आला? कुणीतरी भोपळा निवडला, कुणीतरी जवारी काढली, कुणीतरी बसून चारही तारा मिळवल्या, तेव्हा तो मुद्रित झाला. उद्या जवारी काढणारा हात उरला नाही, तर नव्या अ‍ॅपला मुद्रित करायला चांगला तंबोराच मिळणार नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं कारागिराची चूल पेटत नाही. त्यासाठी गिऱ्हाईक लागतं.

म्हणून पुण्यातल्या गुरुजनांना आणि पालकांना एकच विनंती आहे. रियाजाला पेटी वापरा, अ‍ॅप वापरा, त्यात काही वाईट नाही. पण प्रत्येक गायनवर्गात निदान एक खरा तंबोरा ठेवा, त्याची जवारी वेळच्या वेळी मिरजेच्या कारागिराकडून काढून घ्या आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला तो स्वतः लावायला द्या. स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत त्याला उठू देऊ नका.