दाराच्या पोटातले यंत्र

मोटारीच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांचे लक्ष साहजिकच इंजिनाकडे, वेगाकडे आणि कारखानदारांच्या चरित्रांकडे जाते. परंतु दाराच्या दोन पत्र्यांमध्ये दडून काच वर-खाली करणाऱ्या यंत्रालाही, ज्याला आमच्याकडचे मिस्त्री विंडो मशीन म्हणतात, स्वतःचा इतिहास आहे, आणि माझ्या मते त्यातला मुख्य प्रश्न असा की, काचेवर अंमल कोणाचा असावा, आत बसणाऱ्याच्या हाताचा की यंत्राचा.

आरंभीच्या बंद मोटारींचे सांगाडे बहुधा घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच रचले, आणि काच चालवण्याचा त्यांचा दस्तुरही जसाच्या तसा मोटारीत आला. काचेच्या चौकटीला तळाशी जाड चामड्याचा पट्टा, पट्ट्याला ओळीने भोके आणि दाराच्या आतल्या अंगाला पितळी खुंटी, एवढीच काय ती सामग्री. पट्टा ओढला की काच वर येई आणि हवे ते भोक खुंटीत अडकवले की ती तेथे स्थिर राही. यात बिघडण्याजोगे फारसे नव्हते, आणि चामडे तुटलेच तर कोणीही चर्मकार ते शिवून देऊ शके. मात्र 1919 च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या बहुतेक मोटारी उघड्याच असत. पुढल्या दहा वर्षांत हे प्रमाण पार उलटले, आणि बंद मोटार सामान्य गृहस्थाच्या दारी येताच पट्ट्याची जागा हँडलने घेतली. हँडल फिरवले की लहान दातेरी चाक वर्तुळखंडाच्या आकाराच्या मोठ्या दातेरी पट्टीला ढकली, तिला जोडलेल्या कात्रीसारख्या भुजा काचेला वर उचलीत, आणि गुंडाळलेली स्प्रिंग काचेचा बराचसा भार तोलून धरी. मोटारीच्या अंगात इतके साधे आणि इतके दीर्घायुषी यंत्र क्वचितच दुसरे सापडेल. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी याच हँडलवर चालल्या, आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त होईपर्यंत पावसाळ्यात हजारो प्रवाशांनी याच हँडलने काच चढवली.

विजेचा प्रवेश मात्र पद्मिनीच्या कितीतरी आधी, आणि श्रीमंतांच्या दारातून झाला. पॅकार्ड कंपनीने 1941 सालच्या आपल्या वन एटी मालिकेत अशी तजवीज केली की बटण दाबावे आणि काच आपोआप चढावी. लिंकनच्या मोठ्या गाड्यांतही त्याच सुमारास ती आली. पण या पहिल्या पद्धतीत वीज काचेला थेट हात लावीत नव्हती. वीज पंप चालवी, पंप तेलावर दाब आणी आणि त्या दाबाने दारातल्या नळकांड्याचा दट्ट्या काच वर सारी. असल्या यंत्रणांत पुढे पुष्कळ ठिकाणी ब्रेकचेच तेल वापरले गेले, आणि ते रंगाचे शत्रू असल्याने रबरी वॉशर झिजून गळती लागली की दाराचा रंग आणि गादीचे कापड दोन्ही खराब होत. सबब, 1950 नंतरच्या थोड्याच वर्षांत प्रत्येक दारात स्वतंत्र विजेची मोटर बसवण्याची रीत रूढ झाली. या मोटरला जोडलेल्या मळसूत्री गिअरची खुबी अशी की मोटर काचेला हलवू शकते, पण काच आपल्या वजनाने मोटरला उलटी फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज बंद असतानाही काच जागच्या जागी राहते.

या सोयीबरोबर भयही आले. लहान मुलांचे हात आणि माना काचेत सापडण्याचे अपघात घडू लागले, आणि अमेरिकेत 1971 पासून मोटारीची किल्ली चालू असल्याखेरीज विजेची काच चढू नये असा दंडक झाला. आपल्याकडे या यंत्राची दुसरी, अधिक दारुण बाजू 26 जुलै 2005 रोजी मुंबईने पाहिली. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाण्यात अडकलेल्या मोटारींची कुलुपे आणि विजेच्या काचा उघडल्या नाहीत आणि काही माणसे आतच गुदमरून गेली. जुन्या हँडलला वीज लागत नव्हती, ही गोष्ट त्या दिवसानंतर मला केवळ तांत्रिक तपशील वाटत नाही.

दरम्यान वजन आणि खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ मोटारींतून लोखंडी भुजा जाऊन त्यांच्या जागी पोलादी तारेची दोरी आणि प्लास्टिकची सरकती पकड आली. आज मोटरचा आवाज येतो पण काच धाडकन खाली बसते, तेव्हा बहुधा ही तार तरी तुटलेली असते किंवा पकड तरी. सुटा भाग सहसा मिळत नाही, संपूर्ण मशीनच घ्यावे लागते. तथापि ते बसवण्याचे काम गृहस्थाच्या आवाक्याबाहेर गेलेले नाही, आणि ज्याच्यापाशी पाने, स्क्रू ड्रायव्हर व धीर आहे त्याने ते अवश्य करावे असे मी आग्रहाने म्हणेन. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी; हाताच्या टेकणाखाली आणि हँडलमागे लपलेले स्क्रू काढून दाराचे आतले पॅड क्लिपांतून अलगद सोडवावे; त्यामागचा प्लास्टिकचा पडदा फाडू नये, कारण दारात शिरलेले पावसाचे पाणी तोच आत येऊ देत नाही. काच वर उचलून रुंद चिकटपट्टीने चौकटीला बांधावी, मगच मशीनचे नट सोडवावेत. कित्येक गाड्यांत नटांऐवजी रिव्हेट असतात, ते ड्रिलने उडवावे लागतात. यंत्र जुन्या, भुजांच्या जातीचे असेल तर दातेरी पट्टी पक्की अडकवल्याखेरीज त्यावरून मोटर काढू नये, कारण गुंडाळलेल्या स्प्रिंगचा जोर मोकळा झाला की भुजा बोट तोडण्याइतक्या वेगाने फिरते. नवे मशीन बसवून, काच रबरी खाचेत सरळ चालते याची खात्री करून, मग पॅड चढवावे. आणि एका स्पर्शाने चढणारी काच असेल तर बहुतेक गाड्यांत ती तळापर्यंत उतरवून, मग वर नेऊन बटण काही सेकंद तसेच दाबून धरावे लागते, तेव्हा काच कोठे थांबवायची हे नव्या मोटरला कळते.