इनामगावचे दात आणि कार्तिकातली बोरे

तुळशीच्या लग्नाला शिरूर-दौंडकडे वृंदावनापाशी ऊस, बोरे, आवळे आणि चिंचा ठेवतात. तोवर कोणी बोर खायचे नाही, असा जुन्या घरांतला दंडक. त्या ताटाकडे दातांच्या दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही. पण बोर आणि आवळा ही दोन्ही ‘क’ जीवनसत्त्वाची फळे आहेत. ते जीवनसत्त्व शरीराला मिळाले नाही की हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि शेवटी दात हलू लागतात. हिरड्यांतून एकाएकी रक्त येणे, त्या मऊ पडून सडणे, या व्याधीला सुश्रुतसंहितेत ‘शीताद’ असे नाव आहे. युरोपात जेम्स लिंडने १७४७मध्ये खलाशांवर लिंबू-संत्र्याचा प्रयोग केला, तो अशाच लक्षणांच्या रोगावर.

ग्रंथांत उपाय सापडतो, पण अमुक गावचा माणूस प्रत्यक्षात काय खात होता ते सापडत नाही. त्यासाठी आपल्याला शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या पांढरीकडे जावे लागते.

घोड नदीकाठच्या या पांढरीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तिथे उजेडात आली. आधी माळवा, मग पूर्व जोर्वे आणि शेवटी उत्तर जोर्वे, असे तिचे तीन काळ मानतात. पूर्व जोर्वे काळात चौकोनी घरे होती, धान्याचे कोठार होते, नदीचे पाणी वळवणारा पाटही होता. उत्तर जोर्वेत घरे आकसून गोल झोपड्या झाल्या. दफने २००हून अधिक मिळाली, आणि त्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांत मूल, आणि हे सगळे राहत्या घराच्या जमिनीखाली. वाचताना आजही मन थबकते.

इथले मुख्य धान्य जव. त्याच्याबरोबर गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ आणि बोराच्या आठळ्या मिळाल्या. आता हंगामाचा हिशेब मांडून पाहा. जव हे रब्बीचे पीक, कार्तिकात पेरायचे आणि फाल्गुन-चैत्रात काढायचे. म्हणजे शरद ऋतूत कोठारातला जव संपत आलेला आणि नवा अजून जमिनीत. त्या वेळी हाताशी येणार तो खरिपाचा कुळीथ आणि नदीकाठच्या काट्यांतले पहिले बोर. हे माझे अनुमान आहे, उत्खननाच्या अहवालातले वाक्य नव्हे. पण आपण ज्याला रानमेवा म्हणून बाजूला ठेवतो, तो त्या घरांत जेवणाचाच भाग असावा, असे मला वाटते.

दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर कधी कधी एक बारीक गोल खळगा दिसतो. जन्माच्या आसपासच्या महिन्यांत आईची आणि बाळाची आबाळ झाली की तो पडतो, असे मानतात. शेती भरभराटीत असताना हे खळगे कमी असतील, असे आपल्याला वाटेल. या दोघांना आढळले ते उलटेच. शेती मागे पडून शिकार आणि रानातले अन्न वाढले, त्या उत्तर जोर्वे काळात खळगे कमी होते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांची हाडे मोजली. त्यांच्या २०११च्या ग्रंथात उत्तर जोर्वेतल्या मुलांची वाढ खुंटल्याचे दिसते. दात एक सांगतात, हाडे दुसरेच. मला दोन्ही खरी वाटतात. सुळ्यावरचा खळगा आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांची नोंद ठेवतो. हाडांची लांबी त्यानंतरच्या वर्षांची. अंगावर पिणारे बाळ निभावले असेल आणि दूध तुटल्यावर उपाशी राहिले असेल.

बोराने इनामगावच्या हिरड्या राखल्या, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. हिरडी मातीत टिकत नाही. टिकतो तो दात, आणि त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड. उत्साही लेखक हा फरक विसरतात आणि ‘पूर्वजांचे आरोग्यरहस्य’ लिहून मोकळे होतात.

आता ताटातल्या उसाकडे वळू. कीड लागते ती दातांत अडकलेल्या पिठावर आणि साखरेवर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात म्हणून. उसाचे कांडे सोलून चघळण्यापेक्षा वाईट काम गूळ आणि साखर करतात, कारण ती दिवसभर थोडीथोडी तोंडात येत राहतात. मुठा कालव्याचे पाणी दौंडकडे आले, चिंचणीला घोड धरण झाले, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला, दौंड तालुक्यात गुऱ्हाळे वाढली. बांधावरच्या बोरी उसाला सावली करतात म्हणून तोडल्या गेल्या. जव तर या शिवारातून जवळजवळ गेलाच. पूजेला लागला तर दुकानातून पुडी आणतात. तुळशीच्या लग्नाची बोरेही आता बाजारातून येतात, बहुतेक कलमी, सफरचंदाएवढी. त्यांची आठळी मात्र लहानच असते.