मॉडेल रॉकेटचे सुरक्षित प्रक्षेपण

मॉडेल रॉकेट हे कागद, लाकूड, प्लॅस्टिक अशा हलक्या पदार्थांपासून बनविलेले छोटे रॉकेट होय. ते कारखान्यात तयार केलेल्या मोटरच्या साहाय्याने उडविले जाते आणि पॅराशूट किंवा कागदी फीत यांच्या आधारे जमिनीवर परत येते. त्याच्या प्रक्षेपणासाठी अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या संस्थेने सुरक्षा संहिता ठरविली आहे.

इतिहास

इ.स. १९५४ मध्ये नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथे ऑर्व्हिल कार्लाइल आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी पहिले आधुनिक मॉडेल रॉकेट व त्याची मोटर तयार केली. त्या काळी अनेक किशोरवयीन मुले रॉकेटसाठी घरीच ज्वालाग्राही मिश्रणे बनवीत व त्यांच्या स्फोटांत जखमी होत. व्हाइट सँड्स येथील अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये या धोक्यावर एका मासिकात लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. इंधन हाताळण्याचे काम मुलांकडून काढून कारखान्याकडे दिल्यास छंद सुरक्षित होऊ शकतो, हा विचार त्यातून रुजला. १९५८ मध्ये व्हर्नन एस्टीस यांनी अशा मोटरी बनविणारे स्वयंचलित यंत्र तयार केले.

मोटर

लहान मोटरमध्ये जाड कागदी नळीत मातीची तोटी, दाबून भरलेली काळी दारू, विलंब मिश्रण आणि पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू असे क्रमाने थर असतात. मोटरीवरील ‘सी६-५’ या खुणेतील अक्षर एकूण आवेगाचा वर्ग, पहिला अंक न्यूटनमधील सरासरी रेटा आणि शेवटचा अंक सेकंदांतील विलंब दर्शवितो. पुढच्या प्रत्येक अक्षराला आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. मोटर उघडणे, तिच्यात बदल करणे किंवा ती पुन्हा भरणे निषिद्ध आहे.

स्थिरता

रॉकेटचा गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या पुढे, म्हणजे टोकाच्या बाजूस, असावा लागतो. या दोहोंतील अंतर किमान नळीच्या व्यासाइतके ठेवण्याचा प्रघात आहे. अन्यथा रॉकेट हवेत कलंडून प्रेक्षकांच्या दिशेने जाऊ शकते. टोकाला वजन वाढविल्यास किंवा मागील पंख मोठे केल्यास स्थिरता सुधारते.

प्रक्षेपण

प्रज्वलन केवळ विजेच्या साहाय्याने, दुरून केले जाते. बटण सोडताच विद्युतप्रवाह थांबला पाहिजे आणि मंडलात स्वतंत्र सुरक्षा किल्ली असली पाहिजे. प्रक्षेपण करणारी व्यक्ती ही किल्ली स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे रॉकेटजवळ कोणी असताना ते चुकून पेटत नाही. डी वर्गापर्यंतच्या मोटरीसाठी १५ फूट आणि त्याहून मोठ्या मोटरीसाठी ३० फूट अंतर राखले जाते. प्रक्षेपणापूर्वी मोठ्याने उलटगणती केली जाते.

प्रक्षेपणदांडीचा कल उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा अधिक नसावा. दांडीचे टोक डोळ्यांच्या पातळीच्या वर असावे किंवा त्यावर टोपण बसवावे, कारण खाली वाकणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्याला इजा होऊ शकते. तळाशी ज्वाला अडविणारी पत्र्याची चकती असते आणि भोवतालचे वाळलेले गवत काढलेले असते. वाऱ्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरपेक्षा अधिक असल्यास, तसेच ढगांत किंवा विमानांजवळ, उड्डाण केले जात नाही.

प्रज्वलन फसल्यास

बटण दाबूनही मोटर पेटली नाही, तर रॉकेट बंद पडले असे समजून लगेच जवळ जाणे धोक्याचे असते. अशा वेळी प्रथम सुरक्षा किल्ली काढावी किंवा बॅटरी विलग करावी आणि शेवटच्या प्रयत्नानंतर किमान ६० सेकंद थांबूनच जवळ जावे.

परतीचा टप्पा

पॅराशूट जळू नये म्हणून नळीत न पेटणाऱ्या कागदाचे बोळे भरतात. विजेच्या तारांत किंवा उंच झाडावर अडकलेले रॉकेट काढण्याचा प्रयत्न करू नये.

भारतातील कायदा

भारतात स्फोटकांचे उत्पादन, साठवण, वाहतूक आणि आयात यांचे नियमन स्फोटके अधिनियम, १८८४ अन्वये होते. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.