मुंबई इलाख्यातील इंग्रज आणि अमेरिकन : परस्परदृष्टी व मराठी समाज (१८१३ ते १८९८)

प्रास्ताविक

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात 'पाश्चात्य' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. पाश्चात्य शिक्षण, पाश्चात्य विचार, पाश्चात्यांचा प्रभाव अशा शब्दप्रयोगांमुळे युरोप आणि अमेरिका हे जणू एकाच मनाचे, एकाच हेतूचे समाज होते असा समज दृढ होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचलून स्वातंत्र्य मिळविले. त्यानंतर शतकभर हे दोन समाज परस्परांकडे संशयाने, हेव्याने, तर कधी आपुलकीने पाहत होते. फ्रान्सेस ट्रॉलप यांनी १८३२ मध्ये अमेरिकनांच्या रीतिरिवाजांवर टीकात्मक पुस्तक लिहिले. फ्रेंच विचारवंत तॉकव्हिल यांनी १८३५ व १८४० मध्ये तेथील लोकशाहीचे सखोल विवेचन केले. चार्ल्स डिकन्स यांचे अमेरिकेविषयीचे पुस्तक १८४२ मध्ये आले, तर मार्क ट्वेन यांनी १८६९ मध्ये युरोपची आणि तेथे जाणाऱ्या अमेरिकन प्रवाशांची मनसोक्त थट्टा केली.

या परस्परदृष्टीचे पडसाद मुंबई इलाख्यातही उमटले. ते कसे उमटले आणि मराठी समाजातील विचारवंतांनी या दोन गोऱ्या समाजांतील अंतराचा कसा अर्थ लावला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शत्रुराष्ट्राचे धर्मबंधू

परदेशी धर्मप्रसारासाठी अमेरिकन बोर्ड ही संस्था मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी १८१२ च्या फेब्रुवारीत भारताकडे निघाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. ईस्ट इंडिया कंपनी आधीच मिशनऱ्यांविषयी साशंक होती. धर्मात हात घातल्यास प्रजा बिथरेल आणि व्यापार व राज्य दोन्ही धोक्यात येतील, अशी भीती तिच्या अधिकाऱ्यांना वाटत असे. त्यात आता आलेले मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कलकत्त्याच्या सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला.

त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांना इंग्लंडला रवाना करावे असे कलकत्त्याहून आदेश आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. कंपनीचे अधिकारी म्हणून आदेश पाळणे त्यांचे कर्तव्य होते; तथापि बायबलच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश संस्थेशी ते स्वतः संबंधित होते आणि या तरुणांविषयी त्यांना सहानुभूती होती. हॉल व नॉट यांनी एकदा जहाजाने कोचीनपर्यंत मजल मारली, परंतु त्यांना परत आणण्यात आले. अखेर त्यांनी गव्हर्नरांना निवेदन सादर केले. त्यातील युक्तिवाद लक्षणीय आहे. त्यांनी आपल्या राष्ट्रीयत्वाचा बचाव न करता गव्हर्नरांच्या ख्रिस्ती सदसद्विवेकबुद्धीलाच आवाहन केले. ख्रिस्ती राज्यकर्त्याने ख्रिस्ताच्या सेवकांना हाकलावे काय, असा त्याचा आशय होता.

लंडनमध्ये कंपनीचे एक संचालक चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू उचलून धरली. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवान्यासह येण्याची वाट मोकळी केली. डिसेंबर १८१४ मध्ये गेंटच्या तहाने युद्ध मिटविण्याचे ठरले आणि अमेरिकन मिशन मुंबईत स्थिरावले. ज्या हॉल यांना मुंबईतून घालवून देण्याची तयारी झाली होती, त्यांनी १८१६ मध्ये मुंबईतच एका इंग्रज स्त्रीशी विवाह केला.

या प्रसंगातून परस्परदृष्टीचे दोन स्तर दिसतात. राज्यसत्तेच्या दृष्टीने अमेरिकन हा परका आणि संशयास्पद होता. धर्माच्या व भाषेच्या दृष्टीने तो आप्त होता. अमेरिकनांनाही इंग्रज असाच दुहेरी दिसत होता. त्याचे राज्य त्यांना अडवीत होते, पण त्या राज्याच्या छत्राखालीच त्यांना काम करावयाचे होते.

२. मिशनच्या कार्याचे मराठी फलित

पुढील काळात अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी शाळा, छापखाना आणि १८३१ पासून अहमदनगर येथे मोठे केंद्र उभारले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी अक्षरांच्या खिळ्यांच्या कामाचे पहिले धडे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात घेतले. ज्या छापखान्याचा हेतू धर्मप्रसार होता, त्यातून तयार झालेल्या कारागिराने पुढे संस्कृत व मराठी ग्रंथांची सुबक छपाई करून दाखविली.

कोकणात मिशनऱ्यांच्या शाळांमध्ये बेने इस्राएल समाजातील शिक्षकांनीही काम केले. या समाजाची पनवेलमध्ये जुनी वस्ती असून येथील बेथ एल सिनेगॉग १८४९ मधील आहे. मिशनरी शाळांशी संबंध येऊनही या समाजाने आपला धर्म सोडला नाही. शिक्षण मात्र स्वीकारले. बाहेरून आलेल्यांकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा निर्णय येथील लोक स्वतः करीत होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

३. कापूस : गरज आणि हेवा

धर्माच्या क्षेत्रातील संशय निवळत असताना व्यापाराच्या क्षेत्रात वेगळीच दृष्टी आकार घेत होती. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसावर अवलंबून होत्या आणि तो कापूस गुलामांच्या श्रमातून पिकत होता. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला होता. त्यामुळे अमेरिकन गुलामगिरीचा निषेध करावयाचा आणि त्याच गुलामांनी वेचलेल्या कापसावर गिरण्या चालवावयाच्या, अशी इंग्रजांची विसंगत स्थिती झाली.

यावर उपाय म्हणून कंपनीने १८४० मध्ये दहा अमेरिकन मळेवाले भारतात आणले. त्यांपैकी काहींची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. ज्या अमेरिकेच्या मक्तेदारीतून सुटावयाचे, त्याच अमेरिकेच्या जाणकारांना गुरू करण्याचा हा प्रकार होता. गुजरातेतील प्रयोग फारसे यशस्वी झाले नाहीत. धारवाड भागात मात्र अमेरिकन वाण रुजले आणि सरकी वेगळी करण्याचे करवतीच्या दात्यांचे अमेरिकन यंत्रही तेथे वापरात आले.

रेल्वेपूर्व काळात देशावरील माल बोरघाट उतरून पनवेल बंदरात येत असे व तेथून होड्यांनी मुंबईस जाई. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर ही वाहतूक अधिक सुलभ झाली. १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि पनवेलचे हे महत्त्व ओसरू लागले. नेमक्या याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) चालू होते. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरचे डोळे मुंबईकडे लागले. कापसाचे भाव भडकले, मुंबईत अमाप पैसा आला, कंपन्यांच्या भागांचा सट्टा बोकाळला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सारा डोलारा कोसळला.

या युद्धाने इंग्रज समाजातील दुभंगही उघड केला. उच्चवर्गातील अनेकांची सहानुभूती दक्षिणेकडे होती. मँचेस्टरच्या कामगारांनी मात्र कापसाच्या टंचाईने उपासमार होत असताना गुलामगिरीच्या निर्मूलनास पाठिंबा दिला आणि जानेवारी १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी त्यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले. तेव्हा 'इंग्रजांची अमेरिकनांविषयीची दृष्टी' अशी एकच एक गोष्ट नव्हती. ती वर्गपरत्वे बदलत होती.

४. महात्मा फुले : अंतराचा अन्वयार्थ

दोन समाजांतील हे अंतर मराठी विचारविश्वात सर्वांत अर्थपूर्ण रीतीने महात्मा जोतीराव फुले यांनी उपयोगात आणले. त्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मात्र त्यांना अहमदनगर येथील अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या शाळेतून मिळाली आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या विचारांवर टॉमस पेन यांच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा प्रभाव होता. पेन हे जन्माने इंग्रज. परंतु त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे समर्थन केले. म्हणजे फुले यांनी आपला वैचारिक आधार म्हणून निवडलेला लेखकच अटलांटिकच्या दोन्ही काठांचा होता.

१८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ फुले यांनी युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केला. नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याविषयी आदर व्यक्त करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या दास्यमुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी अपेक्षा त्यांनी प्रकट केली. राज्य इंग्रजांचे असताना ग्रंथ अमेरिकनांना अर्पण करण्यात मोठा अर्थ होता. इंग्रजी राज्याने शूद्रातिशूद्रांना काही मोकळीक दिली, हे फुले मान्य करीत. परंतु सरकारी कचेऱ्या व शिक्षण उच्चवर्णीयांच्या हाती सोपविल्याबद्दल ते सरकारला दोषही देत. आपल्याच समाजातील दास्य मोडण्यासाठी एका राष्ट्राने स्वतःशीच युद्ध केले, हे उदाहरण ते इंग्रज राज्यकर्ते आणि येथील वरिष्ठ जाती या दोहोंसमोर ठेवीत होते.

५. पंडिता रमाबाई : दोन देशांचा प्रत्यक्ष अनुभव

फुले यांनी अमेरिका ग्रंथांतून जाणली. पंडिता रमाबाईंनी इंग्लंड आणि अमेरिका हे दोन्ही देश प्रत्यक्ष पाहिले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास चर्चच्या वरिष्ठांकडून आक्षेप घेण्यात आला. धर्माच्या प्रश्नांत आज्ञापालनाची अपेक्षा आणि रमाबाईंची स्वतंत्र बुद्धी यांत सतत संघर्ष होत राहिला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत त्यांना स्त्रियांच्या संघटना, त्यांची वृत्तपत्रे आणि सार्वजनिक कार्य पाहावयास मिळाले. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली आणि त्या साहाय्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. त्याच वर्षी त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात अमेरिकन लोकशाहीची प्रशंसा आहे. परंतु ती आंधळी नाही. कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. युरोपीय प्रवासी पूर्वेकडील देशांची वर्णने लिहीत त्या काळात एका मराठी विधवेने पश्चिमेकडील देशाची समाजस्थिती तपासून लिहिली, हे या पुस्तकाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

६. मार्क ट्वेन मुंबईत

जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन व्याख्यानांच्या निमित्ताने मुंबईस आले. १८९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी हॉटेलातील एक प्रसंग नोंदविला आहे. एका धिप्पाड जर्मन माणसाने काही क्षुल्लक कारणावरून तेथील हिंदी नोकराच्या तोंडात भडकावली. नोकराने ते निमूटपणे सोसले. ते पाहताच ट्वेन यांना अमेरिकेच्या दक्षिणेतील आपले बालपण आठवले, कारण गुलामांना आपली इच्छा समजावून सांगण्याची तेथील रीत हीच होती. युरोपियन माणसाच्या वर्तनात अमेरिकन लेखकाला स्वतःच्याच समाजाचे रूप दिसले.

ट्वेन यांनी जे अनुभवले, ते कायद्यात निराळ्या स्वरूपात आढळते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ब्रिटिश प्रजाजन नसलेला युरोपियन किंवा अमेरिकन आरोपी असल्यास, त्याच्या मागणीनुसार ज्यूरीतील निदान निम्मे सदस्य युरोपियन किंवा अमेरिकन असावेत, अशी तरतूद होती. १८१३ मध्ये ज्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून घालवून द्यावयाचे होते, तो अमेरिकन १८९८ मध्ये युरोपियनाच्या बरोबरीने ज्यूरीच्या बाकावर बसण्यास पात्र ठरला. हिंदी माणसासमोर उभे राहताना दोघांतील जुने वैर कायद्याच्या लेखी उरले नव्हते.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, मुंबई इलाख्यात इंग्रज व अमेरिकन यांची परस्परदृष्टी प्रसंगानुसार बदलत गेली. युद्धकाळात संशय, धर्मकार्यात आपुलकी, कापसाच्या व्यापारात गरज व हेवा अशी तिची रूपे होती. दुसरी बाब, परस्परांकडे पाहताना हे दोन समाज भिन्न होते. शासित प्रजेकडे पाहताना मात्र ते पुष्कळदा एकाच बाजूला उभे राहिले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब ही की, मराठी विचारवंतांना ही भिन्नता आणि हे साम्य दोन्ही दिसत होते. फुले यांनी एका गोऱ्या समाजाचे उदाहरण दुसऱ्यापुढे ठेवले. रमाबाईंनी एका देशात न मिळालेला अवकाश दुसऱ्या देशात शोधला आणि त्या देशाचे दोषही मोकळेपणाने नोंदविले.

पाठ्यपुस्तकांत आणि वर्गात 'पाश्चात्य प्रभाव' हा एकच शब्द वापरला की फुले, रमाबाई, जावजी दादाजी हे केवळ प्रभाव स्वीकारणारे ठरतात. त्यांनी केलेली निवड त्या शब्दाआड लपते. कोणाकडून काय घ्यावयाचे, कोणाला काय नाकारावयाचे आणि कोणाला कोणाचे उदाहरण दाखवावयाचे, याचा विवेक या पिढीने दाखविला. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना त्या विवेकाची नोंद घेणे आवश्यक आहे.