ही चाल मूळची कुठली?

दुबईच्या करामा भागात हिंदी आणि अरबी गाणी शेजारी नांदतात. 'मर्डर' चित्रपटातलं (२००४) 'कहो ना कहो' अरबांना लगेच ओळखू येतं. ते इजिप्तचा गायक अम्र दियाब याच्या 'तमल्ली मआक'वरून (२०००) घेतलेलं. काही अरबी शब्दही तसेच ठेवलेले.

'छाया'ची (१९६१) गोष्ट त्याहून रंगतदार. तलत-लताचं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' सलिल चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून (१७८८) बांधलं. तीनदा अर्धा स्वर खाली उतरून एकदम वर झेपावणारी ती सुरावट!

लेबनॉनच्या संगीतकार रहबानी बंधूंनी तीच सुरावट गायिका फैरूझला दिली: 'या अना या अना'. भारतीय आणि अरब, दोघांनाही ती घरचीच वाटते. सलिलदांचं मोठेपण इथेच आहे. उसन्या चालीतून त्यांनी अस्सल हिंदी गाणं घडवलं. 'कहो ना कहो'त ती मेहनत दिसत नाही.